इंधन हवं, हिशेब नको? अमेरिकेतल्या मराठी मतदारांना खुले पत्र

सप्रेम नमस्कार.

अमेरिकेत मतदानाचा हक्क असलेल्या मराठी माणसांसाठी हे पत्र आहे. लिहिणारे आम्ही इंधन आणि रसायन उद्योगातले: कुणी रिफायनरीत, कुणी उत्प्रेरकांच्या प्रयोगशाळेत, कुणी करसवलतींचे हिशेब मांडणारे. मंडळाच्या कार्यक्रमात स्वच्छ इंधनाचा विषय निघाला की दोन वाक्यं हमखास कानावर येतात. एक, 'रिपब्लिकनांना हवामानबदल मान्यच नाही, बोलून काय उपयोग?' आणि दुसरं, 'सबसिडीवर पोसलेला धंदा आहे, सबसिडी गेली की बसला.' दोन्हींत थोडं तथ्य आहे. पण यातलं कुठलंही वाक्य घेऊन तुम्ही प्रतिनिधीच्या कार्यालयात फोन केलात, तर पलीकडचा कर्मचारी 'नोंद घेतली' म्हणेल आणि पुढचा फोन उचलेल. त्याला वरिष्ठांकडे जाऊन उत्तर आणावं लागेल असा प्रश्न विचारायचा असेल, तर विरोध नेमका कुणाचा, कशाला आणि कायद्याच्या कुठल्या कलमात बसलाय हे ठाऊक हवं.

आमचा निष्कर्ष आधीच सांगून टाकतो. वॉशिंग्टनमध्ये आज स्वच्छ म्हणवल्या जाणाऱ्या इंधनाला फारसा विरोध उरलेला नाही. मक्याचं इथेनॉल, सोयाबीनचं डिझेल, गुरांच्या चरबीचं जेट इंधन, यांना दोन्ही पक्षांत वाली आहेत. विरोध आहे तो त्या इंधनाने कार्बन किती वाचवला हे मोजण्याला, आणि मोजलेल्या आकड्याप्रमाणे पैसे देण्याला.

याचा पुरावा स्वच्छ इंधन बनवणाऱ्यांना मिळणाऱ्या ४५-झेड नावाच्या करसवलतीत आहे. ऑगस्ट २०२२ च्या 'इन्फ्लेशन रिडक्शन ॲक्ट'मध्ये ती आली, तेव्हा एकाही रिपब्लिकन सदस्याने त्या कायद्याला मत दिलं नव्हतं. ४ जुलै २०२५ ला ट्रम्प यांनी सही केलेल्या 'वन बिग ब्यूटिफुल बिल'ने बाकी अनेक हरित सवलती कापल्या, आणि ही मात्र २०२७ ऐवजी २०२९ च्या अखेरीपर्यंत वाढवली. त्या विधेयकाला एकाही डेमोक्रॅटने मत दिलं नव्हतं. म्हणजे सवलत जन्माला घातली एकाने, वाढवली दुसऱ्याने. मका-सोयाबीन पिकवणाऱ्या राज्यांचे सिनेटर दोन्ही वेळा तिथेच बसलेले होते, हे त्यातलं इंगित. पण वाढवताना आतले तीन स्क्रू बदलले गेले.

आधी सवलत चालते कशी ते पाहू, कारण सूत्र अगदी सोपं आहे. इंधनाच्या दर दशलक्ष बीटीयू उष्णतेमागे, शेतापासून ते जळण्यापर्यंत, किती किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो हा आकडा काढायचा. त्यासाठी आर्गोन राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या 'ग्रीट' मॉडेलवर आधारलेली पद्धत वापरतात. कमाल मर्यादा ५० किलो. ५० मधून आपला आकडा वजा करा, ५० ने भागा, आणि आलेल्या अपूर्णांकाला मूळ दराने गुणा. मूळ दर साध्या इंधनाला गॅलनमागे १ डॉलर. कामगारांना प्रचलित वेतन आणि शिकाऊ उमेदवारांच्या अटी पाळल्या नाहीत तर तोच दर २० सेंट. विमान इंधनाला २०२५ पर्यंत हा दर १.७५ डॉलर होता.

समजा, तळणीच्या वापरलेल्या तेलापासून केलेल्या इंधनाचा आकडा २० आला. अपूर्णांक ०.६. त्याचं डिझेल विकलं तर गॅलनमागे ६० सेंट, विमान इंधन विकलं तर १.०५ डॉलर. फरक ४५ सेंटांचा. नव्या कायद्याने १ जानेवारी २०२६ पासून विमान इंधनाचा जास्तीचा दर काढून टाकला. आता दोन्हींना ६० सेंटच.

हा पहिला स्क्रू. त्या ४५ सेंटांचं महत्त्व कळायला कारखान्यात शिरावं लागेल.

चरबी किंवा तेलापासून इंधन करण्याची जी पद्धत जगात सगळ्यात जास्त चालते, तिच्यात पहिलं काम सफाईचं. तेलातला फॉस्फरस, धातू आणि क्लोराइड काढून काही पीपीएमवर (दहा लाख भागांत काही भाग) आणावे लागतात. फॉस्फरस उत्प्रेरकाची छिद्रं बुजवतो. क्लोराइडमुळे स्टेनलेस स्टीलला बारीक तडे जातात. गुरांच्या चरबीत आणखी एक पाहुणा सापडतो, तो म्हणजे प्लास्टिक. जनावरांच्या कानातले बिल्ले आणि पिशव्यांचे तुकडे चरबी काढताना वितळून तिच्यात मिसळतात. गरम तेलात हे पॉलिथिलीन विरघळलेलं असतं, त्यामुळे गाळणीतून सहज निसटतं, आणि पुढे थंड जागी किंवा उत्प्रेरकाच्या थरावर जाऊन बसतं. थराच्या वरच्या आणि खालच्या दाबातला फरक वाढत जातो, आणि एक दिवस रिॲक्टर उघडून वरचा थर खरवडून काढावा लागतो. चालू कारखाना बंद ठेवण्याचा खर्च कुठल्याही करसवलतीच्या तक्त्यात धरलेला नसतो.

सफाईनंतर तेल हायड्रोजनबरोबर तीनशे ते चारशे अंश सेल्सिअसला, जबर दाबाखाली, निकेल-मॉलिब्डेनमसारख्या उत्प्रेरकावरून जातं. तेलाच्या वजनाच्या तीन ते चार टक्के हायड्रोजन इथे खर्च होतो. ऑक्सिजन पाण्याच्या आणि कार्बन डायऑक्साइडच्या रूपात निघून जातो, ग्लिसरीनच्या सांगाड्याचा प्रोपेन होतो, आणि हाती उरतात सोळा-अठरा कार्बनच्या सरळ साखळ्या. १०० किलो तेलातून असं ८० ते ८५ किलो द्रव मिळतं. ते उत्तम डिझेल आहे. पण अठरा कार्बनची सरळ साखळी २८ अंशांनाच गोठते, आणि अमेरिकेतल्या जेट-ए इंधनाला उणे ४० पर्यंत गोठायची परवानगी नाही. म्हणून विमानासाठी या साखळ्या पुन्हा एका रिॲक्टरमध्ये तोडाव्या आणि वाकवाव्या लागतात. हायड्रोजन आणखी जातो, आणि तुटताना बराच माल नॅफ्थात (पेट्रोलसारख्या हलक्या द्रवात) आणि गॅसमध्ये घसरतो. विमान इंधन जास्तीत जास्त काढायला गेलं तर मूळ तेलाच्या निम्म्याच्या आसपासच हाती येतं.

आता कारखानदाराच्या खुर्चीत बसा. त्याच तेलातून डिझेल केलं तर माल जास्त, खर्च कमी, सवलत तितकीच. तो विमान इंधन का करेल? नवा कायदा विमान इंधनाला बंदी घालत नाही, सवलतही पूर्ण काढत नाही. फक्त डिझेल आणि जेट यांच्यातला फरक पुसून टाकतो, आणि काम तमाम होतं. ट्रकला विजेचा पर्याय हळूहळू उभा राहतो आहे. लांब पल्ल्याच्या विमानाला तसा पर्याय नजीकच्या काळात दिसत नाही, आणि नेमकं तिथे जाऊ शकणारं तेल आपण डिझेलच्या टाकीत वळवतो आहोत.

दुसरा स्क्रू हिशेबाचाच आहे. सोयाबीनचं तेल इंधनाकडे वळलं की खाद्यतेल कमी पडतं, भाव चढतो, आणि जगात दुसरीकडे कुठेतरी जंगल किंवा कुरण मोडून शेत होतं. त्या जमिनीतून सुटलेला कार्बन इंधनाच्या खात्यात धरायचा की नाही, हा या क्षेत्रातला सगळ्यात जुना वाद. कॅलिफोर्नियाचं हवा मंडळ आपल्या नियमांत सोयाबीनच्या डिझेलसाठी २९.१ ग्रॅम दर मेगाज्यूल आणि मक्याच्या इथेनॉलसाठी १९.८ ग्रॅम असा बोजा धरतं. ४५-झेडच्या सूत्रातले ५० किलो म्हणजे मेगाज्यूलला साधारण ४७.४ ग्रॅम. म्हणजे सोयाबीनच्या बाबतीत हा एकटा बोजाच मर्यादेच्या निम्म्याहून अधिक भरतो. सूत्रात घातला तर गॅलनमागे सुमारे ६१ सेंटांची गोष्ट. नव्या कायद्याने २०२६ पासून तो मोजूच नये असं लिहून टाकलं.

या आकड्यावर संशोधकांत खरे मतभेद आहेत. वेगवेगळी मॉडेलं बरीच वेगवेगळी उत्तरं देतात, आणि कॅलिफोर्नियाचा आकडा चढा आहे असं म्हणणारे जाणकारही आहेत. वाद आकड्याचा असेल तर तो आर्गोनमध्ये सोडवावा, दर काही वर्षांनी तपासावा. संसदेने कायद्यात शून्य लिहिणं हे वजनकाट्यावर अंगठा ठेवण्यासारखं आहे.

तिसरा स्क्रू कच्च्या मालाचा. २०२६ पासून माल अमेरिका, कॅनडा किंवा मेक्सिकोत पिकलेला वा जमा केलेला असला तरच सवलत. चीनहून येणारं तळणीचं तेल खरोखर वापरलेलं आहे की ताज्या पामतेलाला नाव बदलून पाठवलंय, ही शंका रास्त होती आणि शेतकरी संघटनांनी ती लावून धरली. मात्र तपासणी कडक करण्याऐवजी दारच बंद केलं, आणि बंद दारामागे देशी सोयाबीन तेलाचा भाव वाढणार. यात हवामानाचं धोरण कमी, शेतमालाचं जास्त. आम्ही त्याला सरसकट वाईट म्हणत नाही. फक्त त्याला त्याच्या नावाने ओळखावं.

विरोधाचा इतिहासही तुमच्या हाताशी हवा, कारण कार्यालयातला कर्मचारी तोच पुढे करतो. सगळ्यात लाडकं उदाहरण नौदलाचं. २०१२ च्या रिमपॅक या बहुराष्ट्रीय नौदल सरावासाठी नौदलाने ४,५०,००० गॅलन जैवइंधन १.२ कोटी डॉलरना घेतलं. भाव पडला गॅलनला २६ डॉलरच्या वर. सिनेटर जॉन मॅकेन आणि जेम्स इनहोफ यांनी रान उठवलं, आणि दोन्ही सभागृहांच्या सशस्त्र सेवा समित्यांनी महागडं जैवइंधन घ्यायला मनाई करणारी कलमं मंजूर केली. नोव्हेंबर २०१२ मध्ये सिनेटर मार्क युडाल यांच्या दुरुस्तीने सिनेटमध्ये ती मनाई ६२ विरुद्ध ३७ मतांनी उडाली. पुढे जानेवारी २०१६ मध्ये 'ग्रेट ग्रीन फ्लीट' हा जैवइंधनाच्या मिश्रणावर चालणारा नौदलाचा ताफा सॅन डिएगोहून निघाला, तेव्हा ७ कोटी ७६ लाख गॅलन मिश्रण गॅलनला २.०५ डॉलरने घेतलेलं होतं.

पाठीराखे इथे टाळ्या वाजवतात. जरा थांबा. २०१२ चं मिश्रण निम्मं-निम्मं होतं. २०१६ च्या मिश्रणात गुरांच्या चरबीपासूनचं इंधन फक्त १० टक्के, बाकी ९० टक्के पेट्रोलियमच, आणि भाव खाली ठेवायला कृषी खात्याचा निधीही लागला होता. मॅकेन यांचा २६ डॉलरचा आकडा जितका अर्धवट, तितकाच तेव्हाचे नौदलमंत्री रे मेबस यांच्या नौदलाचा २.०५ चा. २६ डॉलर हा प्रायोगिक खेपेचा भाव होता, बाजारभाव नव्हता. २.०५ हा मिश्रणाचा भाव होता, जैवइंधनाचा नव्हता. भाव फेकणाऱ्या माणसाला नेहमी दोन प्रश्न विचारा: खेप किती मोठी, आणि मिश्रण किती टक्के?

त्या ताफ्याला इंधन देणारी कॅलिफोर्नियातली पॅरामाउंटची जुनी रिफायनरी जगातली व्यापारी प्रमाणावर शाश्वत विमान इंधन करणारी अगदी सुरुवातीची. नंतर मालक बदलला, मोठा विस्तार ठरला. २०२५ च्या सुरुवातीला मुख्य औद्योगिक भागीदाराने त्यातून अंग काढून घेतलं आणि कारखाना थांबला. तंत्र चालत होतं, गिऱ्हाईक होतं, इंधन लॉस एंजेलिसच्या विमानतळावर जात होतं. तरी थांबला.

विरोधकांचा दुसरा दाखला जॉर्जियातल्या सोपर्टनचा, आणि तो जास्त भक्कम आहे. रेंज फ्युएल्स कंपनीने तिथे पाइनच्या लाकडापासून इथेनॉल करायचं ठरवलं. ऊर्जा खात्याकडून ७.६ कोटी डॉलरपर्यंतचं अनुदान, कृषी खात्याची ८ कोटी डॉलरची कर्जहमी. २०११ मध्ये कंपनी बुडाली. लाकडाचा वायू करताना डांबर तयार होतं, ओलसर भुसा रिॲक्टरमध्ये सारखा सरकत नाही, आणि डांबराने माखलेला वायू उत्प्रेरकाला मारतो. या तिन्ही अडचणी अभियंत्यांना आधीपासून ठाऊक होत्या. छोट्या प्रकल्पात त्या सुटल्या की नाही हे न तपासता मोठा प्रकल्प उभारायला पैसे देणं हा सरकारचा दोष होता, आणि तो मान्य करायला हवा. २००७ च्या कायद्याने २०२२ पर्यंत १६ अब्ज गॅलन सेल्युलोजिक (लाकूड, काडीकचरा यांपासूनच्या) इंधनाचं उद्दिष्ट लिहिलं. प्रत्यक्ष उत्पादन त्याच्या पासंगालाही पुरलं नाही. उद्दिष्ट कायद्यात लिहिल्याने उत्प्रेरक टिकाऊ होत नाही.

सोपर्टनची जागा मात्र पडून राहिली नाही. लॅन्झाटेकने ती विकत घेतली, आणि जानेवारी २०२४ मध्ये तिथेच लॅन्झाजेटच्या वर्षाला १ कोटी गॅलनच्या प्रकल्पाचं उद्घाटन झालं. इथे कच्चा माल इथेनॉल. त्यातलं पाणी काढून इथिलीन, इथिलीनचे रेणू जोडून लांब साखळ्या, मग हायड्रोजन, मग ऊर्ध्वपातन. रसायनशास्त्र स्वच्छ आहे, पण १ लिटर जेट इंधनाला कागदावरच १.६ लिटर इथेनॉल लागतं. प्रत्यक्षात त्याहून जास्त. म्हणजे इथेनॉलचा कार्बन आकडा थोडा जरी फुगलेला असला तरी विमान इंधनात तो वाढूनच उतरतो. मोजमापाचा मुद्दा इथे पुन्हा आला.

कुणी कुणाला विरोध केला याचा पक्षनिहाय तक्ता मांडायला गेलात तर फसाल. जून २०११ मध्ये इथेनॉलची ४५ सेंटांची सवलत संपवायला सिनेटमध्ये ७३ विरुद्ध २७ मतं पडली. ठराव आणला होता कॅलिफोर्नियाच्या डेमोक्रॅट डायान फाइनस्टाइन आणि ओक्लाहोमाचे रिपब्लिकन टॉम कोबर्न यांनी. सवलत त्या वर्षाअखेर गेली आणि इथेनॉल बुडालं नाही, कारण पेट्रोल-डिझेलमध्ये जैवइंधन मिसळण्याची सक्ती शिल्लक होती. २०१७-१८ मध्ये टेक्ससच्या टेड क्रुझ यांनी आयोवाच्या बिल नॉर्थी यांची कृषी खात्यातली नेमणूक काही महिने अडवून धरली. दोघेही रिपब्लिकन! भांडण होतं ते रिन या प्रमाणपत्रांचं. बाजारात येणाऱ्या जैवइंधनाला ३८ अंकी क्रमांक मिळतो; रिफायनरीने स्वतः मिश्रण केलं नाही तर तिला ते क्रमांक बाजारातून विकत घ्यावे लागतात. जिच्याकडे स्वतःची मिश्रणाची सोय नाही तिचा खर्च चढतो. जानेवारी २०१८ मध्ये फिलाडेल्फियाची मोठी रिफायनरी दिवाळखोरीत गेली आणि तिने बोट रिनकडे दाखवलं.

पंधरा टक्के इथेनॉलच्या पेट्रोलची कथा तर आणखी विचित्र. उन्हाळ्यात पेट्रोलची बाष्पीभवनशीलता मर्यादेत ठेवावी लागते. दहा टक्के इथेनॉलला १९९० च्या कायद्याने बाष्पदाबात १ पीएसआयची (दाबाचं एकक) सूट दिली. पंधरा टक्क्यांचा उल्लेखच तेव्हा नव्हता. तांत्रिकदृष्ट्या पंधरा टक्क्यांचं मिश्रण दहा टक्क्यांपेक्षा किंचित कमीच उडतं. अमेरिकी सरकारच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०१९ मध्ये नियमाने सूट दिली, २०२१ मध्ये न्यायालयाने ती रद्द केली, आणि २०२२ पासून दर उन्हाळ्यात 'आणीबाणी' जाहीर करून गाडा हाकला जातो. डिसेंबर २०२४ मध्ये कायमची दुरुस्ती खर्चाच्या विधेयकात आली होती. ते जाडजूड विधेयकच कोसळलं आणि ती सोबत गेली. 

आणि मुदत. बायोडिझेलची गॅलनला १ डॉलरची जुनी सवलत २००५ पासून होती, पण २००९, २०११, २०१३, २०१४, २०१६ आणि २०१७ या प्रत्येक वर्षाअखेर ती संपली आणि नंतर मागल्या तारखेने जिवंत केली गेली. २०१७ नंतर तर जवळपास दोन वर्षं कारखाने अंधारात होते. मागल्या तारखेने मिळालेल्या पैशाने जुना तोटा भरतो, नवा रिॲक्टर उभा राहत नाही. बँक फक्त पुढची तारीख बघते. ४५-झेड १ जानेवारी २०२५ ला सुरू झाली आणि अर्थ खात्याचं पहिलं मार्गदर्शन आलं १० जानेवारीला. त्या तिमाहीत कित्येक बायोडिझेल कारखान्यांनी उत्पादन आवरतं घेतलं, कारण आपला कार्बन आकडा काय धरला जाणार हेच त्यांना कळत नव्हतं.

महाराष्ट्राच्या ऊसपट्ट्याशी नातं असलेल्यांना हे वेगळं समजावायला नको. ७ डिसेंबर २०२३ ला केंद्राने ऐन गाळपात उसाच्या रसापासून इथेनॉल करायला एकाएकी बंदी घातली, आठवड्याभरात ती सैल करून साखरेच्या वापरावर मर्यादा आणली, आणि पुढच्या हंगामासाठी पुन्हा दार उघडलं. इथेनॉलसाठी कर्ज काढून डिस्टिलरी उभारलेल्या कारखान्यांचे हप्ते त्या बंदीने थांबले नव्हते. पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजचं तंत्र वापरून मे २०२३ मध्ये पुणे-दिल्ली विमान देशी शाश्वत इंधनाच्या मिश्रणावर उडालं, ते तंत्र मोठ्या प्रमाणावर न्यायचं तर इकडे काय आणि तिकडे काय, अडतं ते धोरणाच्या धरसोडीपाशी.

हायड्रोजनचं थोडक्यात. स्वच्छ हायड्रोजन बनवण्यासाठीची, किलोमागे ३ डॉलरपर्यंतची ४५-व्ही सवलत आता फक्त १ जानेवारी २०२८ पूर्वी बांधकाम सुरू करणाऱ्यांना. आधी ही तारीख २०३३ ची होती. याचा विमान इंधनाशी थेट संबंध आहे. नैसर्गिक वायूपासून १ किलो हायड्रोजन करताना ९ ते १० किलो कार्बन डायऑक्साइड सुटतो, आणि १०० किलो चरबीला साडेतीन किलो हायड्रोजन लागतो. हिशेब तुम्हीच करा. जहाजांच्या इंधनाचा कार्बन कमी करणारी जागतिक नियमचौकटही ऑक्टोबर २०२५ मध्ये लंडनला आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या बैठकीत ५७ विरुद्ध ४९ मतांनी वर्षभर पुढे ढकलली गेली. अमेरिकी सरकारने बाजूने मत देणाऱ्या देशांना व्हिसा निर्बंधांची आणि बंदर शुल्कांची धमकी आधीच दिली होती.

आता तुम्ही करायचं काय. कॅपिटॉलचा स्विचबोर्ड २०२-२२४-३१२१. राज्य आणि झिप कोड सांगा, तुमच्या प्रतिनिधीचं कार्यालय जोडून मिळतं. फोन उचलणाऱ्याला 'ऊर्जा आणि कर विषय बघणाऱ्या सहायकाशी बोलायचंय' असं सांगा. नसेल तर त्याचा ईमेल मागा. दुसऱ्याने लिहून दिलेलं पत्र जसंच्या तसं पाठवलंत तर ते फक्त गठ्ठ्यात मोजलं जातं. तुमच्या मतदारसंघातला कारखाना, विमानतळ किंवा रिफायनरी तुमच्या पहिल्या वाक्यात आली तर कागद वेगळ्या फायलीत जातो. करसवलतींचं काम प्रतिनिधीगृहाच्या वेज अँड मीन्स समितीत आणि सिनेटच्या फायनान्स समितीत चालतं. मिश्रणाची सक्ती एनर्जी अँड कॉमर्सकडे. चुकीच्या समितीचं नाव घेतलंत की समोरच्याला सुटका मिळते.

नियमांवरच्या हरकती रेग्युलेशन्स डॉट गव्हवर. डॉकेट क्रमांक (त्या नियमाच्या फायलीचा क्रमांक) अचूक घाला, एकाच मुद्द्यावर लिहा, आकडा आणि त्यामागची पद्धत द्या. महत्त्वाच्या हरकतींना संस्थेला अंतिम नियमात उत्तर द्यावं लागतं. 'माझा विरोध आहे' याला द्यावं लागत नाही. हरकत नोंदवायला नागरिकत्वाची अट नाही, तेव्हा घरातल्या एच-वन-बीवाल्यांनाही बसवा. फक्त त्यांना निवडणूक प्रचाराला देणगी देता येत नाही. ग्रीनकार्डवाल्यांना देता येते.

विचारायचे प्रश्न तीन. जमीनवापराचा बोजा शून्य धरण्याऐवजी आर्गोनने ठरवलेला, जाहीर केलेला आकडा कायद्यात परत आणायला तुम्ही तयार आहात का? विमान इंधन आणि डिझेल यांच्या सवलतीत फरक ठेवणार आहात का, आणि नसल्यास तेल विमानाकडे वळेल कशाने? नवा कारखाना आराखड्यापासून पहिल्या थेंबापर्यंत तीन ते चार वर्षं घेतो आणि सवलत ३१ डिसेंबर २०२९ ला संपते, तर आज निर्णय घेणाऱ्याच्या वाट्याला किती महिने येतात?

उत्तर बहुधा असं येईल: 'आमच्या सदस्यांच्या मते हे बाजाराने ठरवावं.' तेव्हा शांतपणे विचारा की तेलविहिरी खोदण्याचा खर्च त्याच वर्षी वजा करण्याची सवलत १९१३ पासून आणि साठा घटल्याबद्दलची टक्केवारीची वजावट १९२६ पासून चालू आहे, त्यांना अखेरची तारीख कुठली? हे उत्तर लेखी मागा, आणि आल्यावर मंडळाच्या ग्रुपवर टाका.

आपले,
इंधन आणि रसायन उद्योगातली काही मराठी मंडळी